झेब्रा की अबलख घोडा? सारखे सारखे येणारे प्रश्न

अबलख घोड्याचा, म्हणजे अंगावर पांढरे आणि दुसऱ्या रंगाचे मोठे पॅचेस असलेल्या घोड्याचा, फोटो कुठेही टाका, "हा झेब्र्याचा क्रॉस आहे का हो?" असं कुणीतरी विचारतंच. सारंगखेड्याची घोडेबाजाराची यात्रा जवळ आली की मग तर मेसेजचा पाऊस पडतो. म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र घेतलेत. सुरुवातीला सोपे आहेत, खाली जाल तसे किचकट होत जातात, आणि एकदा सांगून झालेलं परत लिहीत बसलेलो नाही, तिथे फक्त प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. झेब्रा म्हणजे पट्टे असलेला घोडाच ना?

नाही. घोडा, गाढव आणि झेब्रा एकाच घराण्यातले, इक्वस म्हणतात त्या, पण जाती वेगळ्या. आणि त्यातही झेब्र्याचं जवळचं नातं गाढवाशी आहे, घोडा जरा लांबचा भाऊबंद. झेब्र्यांच्या जाती तीन: मैदानी झेब्रा, डोंगरी झेब्रा आणि ग्रेव्हीचा झेब्रा (हा फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष ज्यूल ग्रेव्ही यांच्या नावाने, त्यांना १८८० च्या दशकात अ‍ॅबिसिनियाहून, म्हणजे आजच्या इथिओपियातून, एक भेट आला होता). क्रोमोसोम मोजले तर घोड्याचे ६४, गाढवाचे ६२, ग्रेव्हीचे ४६, मैदानीचे ४४ आणि डोंगरीचे फक्त ३२. अबलख घोड्याचे? ६४. कारण तो शंभर टक्के घोडा आहे, अंगावर कितीही नक्षी असली तरी.

२. मग अबलख ही घोड्याची जात आहे का?

जात नाही, रंग आहे. अंगावर पांढऱ्याचे आणि दुसऱ्या कुठल्यातरी रंगाचे मोठे मोठे पॅचेस असले की अबलख. मारवाडी अबलख असतो, काठियावाडी असतो, गावठी तट्टू पण असतं. इंग्रज लोक काळा-पांढरा असेल तर पायबाल्ड आणि तांबडा-पांढरा असेल तर स्क्यूबाल्ड म्हणतात, अमेरिकेत सरसकट पिंटो. गोंधळ होतो तो अमेरिकेतल्या 'पेंट हॉर्स'मुळे, कारण ती मात्र खरंच जात आहे, तिथे आईबापांची नोंद लागते, नुसते पॅचेस असून भागत नाही.

पंचकल्याणी म्हणजे अबलख नाही हे पण सांगून ठेवतो. चार पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा, बाकी अंग एकरंगी, तो पंचकल्याणी.

३. लांबून एका नजरेत ओळखायचं तर काय बघायचं?

रंग सोडून सगळं बघा. खरंच सांगतो, रंग हा सगळ्यात फसवा पुरावा आहे आणि सगळे सुरुवात तिथूनच करतात.

आधी शेपूट. घोड्याची शेपटी मुळापासूनच लांब केसांची असते, झेब्र्याची गाढवासारखी, दांडा आणि टोकाला झुपका. मग आयाळ. झेब्र्याची ब्रशसारखी उभी असते आणि कपाळावर येणारी बट जवळपास नसतेच, घोड्याची मानेवर लोळते (कापून उभी केली असेल तर वेगळं, फ्योर्ड जातीच्या घोड्यांची मुद्दाम तशी कापतात). डोकं अंगाच्या मानाने मोठं, मान जाड आणि आखूड, पाठ उंचवट्याशिवाय सपाट वाटली तर झेब्रा. मारवाडी असेल तर कानच सांगतात, टोकं आत वळून एकमेकांना टेकायला येतात, तसे कान जगात फक्त मारवाडी आणि काठियावाडीलाच.

जवळ जाता आलं तर पायाच्या आतल्या बाजूला बघा, घोड्याला तिथे खरखरीत घट्ट्यासारखी गाठ असते, बहुतेक घोड्यांना चारही पायांना. झेब्र्याला फक्त पुढच्या दोन पायांना. आणि ओरडला तर प्रश्नच मिटला, मैदानी झेब्रा खिंकाळत नाही, कुत्र्याच्या भुंकण्याच्या आसपासचा, दोन तुकड्यांत तुटलेला आवाज काढतो.

४. केसांचं ठीक आहे, पण खालच्या कातडीत पण फरक असतो का?

सगळा खरा फरक तिथेच आहे, म्हणून हे उत्तर जरा लांब आहे.

अबलख घोड्याला अंघोळ घालताना नीट बघा. केस भिजून अंगाला चिकटले की पांढऱ्या पॅचखाली गुलाबी कातडी दिसायला लागते आणि तांबड्या-काळ्या भागाखाली गडद राखाडी. दोन्हीच्या सीमेवर बऱ्याचदा बोटभर रुंदीची निळसर कड दिसते, तिथे कातडी काळी पण वरचे केस पांढरे असतात. खराऱ्याने घासताना कोरड्या अंगावर हे लक्षातच येत नाही.

झेब्र्याचे केस काढले तर काय दिसेल? सगळीकडे काळी कातडी. पांढऱ्या पट्ट्याखाली पण काळीच. म्हणजे घोड्याच्या पांढऱ्या पॅचमध्ये रंग बनवणाऱ्या पेशी पोचलेल्याच नाहीत, केसात रंग नाही आणि कातडीतही नाही, आणि झेब्र्याच्या पांढऱ्या पट्ट्यात पेशी जागेवर आहेत पण केसात रंग उतरवणं तेवढं बंद केलेलं आहे. दिसायला दोन्ही पांढरे, आतली कारणं पूर्ण वेगळी.

याचा रोजच्या कामात उपयोग म्हणजे अबलख घोड्याचं नाक आणि डोळ्याभोवतीचा भाग गुलाबी असेल तर उन्हात भाजतो, सालं निघतात, त्याला झिंक ऑक्साइडचं मलम लावावं लागतं. झेब्रा आफ्रिकेच्या उन्हात दिवसभर चरतो, त्याला ही भानगडच नाही.

५. झेब्रा पांढऱ्यावर काळा की काळ्यावर पांढरा?

काळ्यावर पांढरा. का ते प्र. ४ मध्ये आलंय.

६. अबलखचे पॅचेस येतात कुठून? गाभण असताना घोडीने काही बघितलं म्हणून का?

घोडीने काय बघितलं याच्याशी काही संबंध नाही, ग्रहणाशीही नाही. रंगाच्या पेशी गर्भात पाठीच्या कण्याच्या बाजूने निघतात आणि तिथून अंगभर पसरत पोटाकडे, पायांकडे, तोंडाकडे जातात. काही जीनमध्ये बदल असला की त्या सगळीकडे पोचत नाहीत, जिथे पोचल्या नाहीत तो भाग पांढरा. म्हणून तर ज्याला एकच छोटा पांढरा डाग असतो त्याला तो बहुतेक कपाळावर नाहीतर खुराजवळ असतो, म्हणजे प्रवासाच्या शेवटच्या टोकाला.

प्रकार बरेच आहेत पण दोन ओळखता आले तरी पुष्कळ. टोबियानोमध्ये पांढरा रंग पाठीवरून ओलांडून जातो, पाय पांढरे असतात, डोकं मात्र साध्या घोड्यासारखं, पॅचच्या कडा गुळगुळीत. फ्रेममध्ये उलटं, पांढरं बरगड्यांवर आणि मानेच्या बाजूला, पाठ शक्यतो रंगीत राहते, कडा फाटक्यातुटक्या, तोंड बरंच पांढरं आणि डोळे कधी कधी निळे.

झेब्र्याचे पट्टे असे "राहून गेलेले" नसतात. ते गर्भातच आखले जातात, दोन्ही बाजू साधारण जुळतात (तंतोतंत नाही), आणि प्रत्येक झेब्र्याचे वेगळे. केनियात ग्रेव्ही झेब्र्यांची मोजणी २०१६ पासून अशीच करतात, लोकांनी गाडीतून काढलेले फोटो कॉम्प्युटरला द्यायचे, तो पट्ट्यांवरून एकेक जनावर वेगळं काढतो.

७. माझी घोडी अबलख आहे, अबलख घोडाच लावला तर शिंगरू डबल सुंदर होईल ना?

थांबा जरा. दोघांत नुसता टोबियानोचा जीन असेल तर काही धोका नाही. पण दोघांतही फ्रेमचा जीन असेल तर दर चार शिंगरांत एकाला तो दोन्हीकडून मिळण्याची शक्यता असते, आणि असं शिंगरू जवळपास पूर्ण पांढरं जन्मतं, उभं राहतं, दूध पितं, आणि पोटात कळा सुरू होऊन काही दिवसांत जातं. आतड्यातल्या नसाच तयार झालेल्या नसतात, कारण त्या नसा आणि रंगाच्या पेशी गर्भात एकाच जागेहून निघतात. उपाय नाही.

हा जीन मुख्यतः अमेरिकन रक्ताच्या घोड्यांत सापडतो. कधी कधी तो असलेला घोडा वरून अबलख दिसतही नाही, नुसता तोंडावर मोठा पट्टा असतो, त्यामुळे डोळ्यांवर विसंबू नका. आयाळीचे मुळासकट उपटलेले केस लॅबला पाठवले की कळतं. इंपोर्टेड रक्त असेल तर ही टेस्ट टाळू नका असं माझं स्पष्ट मत आहे, स्टॅलियनचा मालक काहीही म्हणो.

८. झेब्र्याला माशा चावत नाहीत म्हणे. मग अबलखला पण फायदा होतो का?

पट्ट्यांचा फायदा होतो, हे बऱ्यापैकी पक्कं झालंय. पट्टे कशासाठी यावर वाद जुना आहे, सिंहाला चकवायला, ऊन सहन व्हायला वगैरे, पण सगळ्यात भक्कम पुरावा गोमाशीचा आहे. जीवशास्त्रज्ञ टिम कॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये साध्या घोड्यांना काळी, पांढरी आणि झेब्रा डिझाइनची झूल घालून बघितलं, तो पेपर २०१९ चा. गोमाशा घोड्याच्या जवळ सारख्याच येत होत्या, पण पट्ट्यांच्या झुलीवर उतरायच्या वेळी चुकत होत्या, आपटून निघून जायच्या नाहीतर तशाच पुढे. घोड्याचं डोकं उघडं होतं, तिथे मात्र नेहमीइतक्याच बसत होत्या. त्याच वर्षी जपानमध्ये काळ्या गायींवर पांढरे पट्टे रंगवून चाव्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं, त्या मंडळींना २०२५ मध्ये इग्नोबेल (गमतीशीर वाटणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) पण मिळालं.

अबलखचं सांगायचं तर रुंद पॅच म्हणजे पट्टा नव्हे. गोमाशीला गडद रंग आवडतो, त्यामुळे पांढऱ्या घोड्याला काळ्यापेक्षा त्रास कमी, एवढं खरं. पण अर्धा काळा घोडा त्या काळ्या अर्ध्यावर चावून घेणारच. झेब्रा डिझाइनची जाळीची झूल बाजारात मिळते, ती घाला, घोडा रंगवायच्या फंदात पडू नका.

९. आमच्या काठियावाडीच्या पायावर आडवे पट्टे आणि पाठीवर काळी रेघ आहे. कुठेतरी झेब्र्याचं रक्त असणार?

नसणार. हा डन रंगाचा घोडा आहे, अंग फिकट पिवळट-बदामी, आयाळ-शेपटी गडद, पाठीच्या मधोमध रेघ, गुडघ्याच्या आसपास आडवे पट्टे, कधी खांद्यावर पण एक. काठियावाडीत हा रंग नेहमीचा. घोड्याचा हा जुना जंगली रंग आहे, मंगोलियातला प्रझेवाल्स्की घोडा आजही असाच असतो, आणि सोमाली रानगाढवाच्या पायांवर तर इतके ठसठशीत पट्टे असतात की नुसते पाय दाखवले तर तुम्ही झेब्राच म्हणाल. बाकीच्या घोड्यांत हा फिकेपणा आणणाऱ्या जीनचा जोर गेला, म्हणून ते एकरंगी गडद.

अगदी क्वचित एखाद्या घोड्याच्या अंगावर उभे, ओघळल्यासारखे गडद ओरखडे असतात, त्याला ब्रिंडल म्हणतात. तोही झेब्र्याचा कुणी नाही.

१०. घोडा आणि झेब्रा यांचं पिल्लू होतं का?

होतं, झॉर्स म्हणतात. क्रोमोसोमचा हिशोब (प्र. १) केला तर मैदानी झेब्रा आणि घोडा यांचं पिल्लू ६४ चे निम्मे ३२ आणि ४४ चे निम्मे २२, असे ५४ घेऊन येतं. जोड्या जुळत नाहीत म्हणून खेचरासारखंच पुढे त्याची प्रजा होत नाही. दिसायला घोड्यासारखा बांधा, रंग बहुतेक तांबूस-तपकिरी आणि त्यावर गडद पट्टे, पायांवर सगळ्यात दाट. म्हणजे क्रॉसमध्ये पट्टे येतात, पॅचेस नाही. अबलख घोडा बघून "क्रॉस" म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचा.

११. आणि आईबापांपैकी घोडा अबलख असेल तर?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण याचं उत्तर प्रत्यक्ष चालत-फिरत होतं. २००६ मध्ये जन्मलेली एक्लिझ, आई एक्लिप्स नावाची झेब्रा, बाप युलिसिस नावाचा घोडा, दोघांची नावं जोडून हिचं नाव. जर्मनीतल्या स्टुकेनब्रॉकच्या सफारी पार्कमध्ये ती होती. साधा झॉर्स अंगभर पट्टे घेऊन येतो, हिचं अंग बहुतांश पांढरं शुभ्र, आणि तोंडावर एक आणि मागच्या पुठ्ठ्यावर एक असे पट्ट्यांचे मोठे तुकडे, झेब्र्याचं कातडं कापून चिकटवल्यासारखे.

फोटो बघून लोक फोटोशॉप म्हणायचे. पण प्र. ४ आणि ६ वाचलं असेल तर हे बरोबर बसतं: पट्टा आखायला आधी रंगाच्या पेशी जागेवर पाहिजेत. बापाकडून आलेल्या पांढऱ्या पॅचमध्ये त्या पोचल्याच नाहीत, मग पट्टे दिसणार कशात? जिथे पोचल्या तिथे आईची नक्षी उमटली.

१२. घोडीला एकदा झेब्रा (किंवा हलका घोडा) लागला की पुढच्या सगळ्या शिंगरांवर त्याची छाप राहते, खरंय का?

खोटं, पण हे खूळ मोठ्या मोठ्या लोकांना होतं. १८२० च्या आसपास लॉर्ड मॉर्टन यांच्या अरबी घोडीला आधी क्वागा (प्र. १४) लावला होता, नंतर त्याच घोडीला काळ्या अरबी घोड्यापासून शिंगरं झाली तर त्यांच्या पायांवर पट्टे. डार्विनपर्यंत सगळ्यांनी याची दखल घेतली. शेवटी शतकाच्या अखेरीला एडिंबरा विद्यापीठाचे प्राध्यापक कोसार एवार्ट यांनी मटोपो नावाचा झेब्रा आणून वेगवेगळ्या घोड्यांच्या माद्यांना लावला, नंतर त्याच माद्यांना घोडे लावले, आणि छाप वगैरे काही राहत नाही हे दाखवून दिलं. असे पट्टे झेब्रा कधी न बघितलेल्या घोडीच्या शिंगरावर पण येतात, कसे ते प्र. ९.

१३. झेब्र्यालाच पॅचेस किंवा ठिपके असतात का?

फार क्वचित. २०१९ मध्ये मसाई मारात टिरा नावाचं पिल्लू दिसलं होतं, गडद अंग आणि त्यावर पांढरे ठिपके. रंगाच्या पेशी होत्या, नक्षीचा आराखडा बिघडला होता. त्याला अबलख म्हणता येणार नाही. शेपूट, आयाळ, कान सगळं झेब्र्याचंच, प्र. ३ ची कसोटी तिथेही चालते.

१४. अर्धा पट्टे आणि अर्धा साधा तपकिरी, असा प्राणी जुन्या चित्रात बघितलाय. तो क्रॉस का?

तो क्वागा, दक्षिण आफ्रिकेतला, मैदानी झेब्र्याचाच एक प्रकार. डोकं, मान आणि पुढचं अंग पट्ट्यांचं, मागे पट्टे विरत जाऊन तपकिरी. शिकारीत संपला, शेवटचा १२ ऑगस्ट १८८३ ला अ‍ॅमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात गेला. नामशेष प्राण्याचा डीएनए पहिल्यांदा वाचला गेला तो याचाच, १९८४ मध्ये. १९८७ पासून दक्षिण आफ्रिकेत कमी पट्ट्यांचे झेब्रे निवडून निवडून तसं दिसणारं जनावर तयार करतायत. दिसायला जमलंय बरंचसं, पण त्याला क्वागा म्हणायचं का यावर तज्ज्ञांत भांडण आहे. मी तरी म्हणणार नाही, रंगावरून जात ठरवायची नाही हेच तर या अख्ख्या पानावर सांगतोय.

१५. झेब्र्यावर बसता येतं का? लग्नाच्या वरातीसाठी विचारतोय.

वरातीसाठी विचारलंत ते बरं झालं, नाही.

बसलेली माणसं होऊन गेली. रोझेंडो रिबेरो नावाचे गोव्याचे डॉक्टर १९०० च्या सुमारास नैरोबीत होते, ते पाळलेल्या झेब्र्यावर बसून पेशंट तपासायला जायचे, त्यांचा तसा फोटो पण आहे. लंडनमध्ये वॉल्टर रॉथ्सचाइल्ड हे प्राणीवेडे श्रीमंत गृहस्थ झेब्रे जुंपलेली बग्गी घेऊन बकिंगहॅम पॅलेसला गेले होते. पण हे हौशी अपवाद. झेब्रा बिथरला की चावतो आणि सोडत नाही, लाथ जबरदस्त मारतो, दोर टाकला की डोकं बाजूला काढतो. सिंह-तरसांच्या शेजारी राहिलेलं जनावर ते. एखादा शिकवला तरी पिढ्यान् पिढ्या निवड करून माणसाळवणं वेगळं, ते झेब्र्याच्या बाबतीत झालेलंच नाही. आणि पाठही घोड्याइतकी वजन पेलणारी नाही. वराती-बँडबाजासमोर तर विचारच नको.

१६. लहानपणी अबलख होता, आता पूर्ण पांढरा झालाय. मला फसवलं का?

बहुतेक नाही. त्याच्यात सबजाचा जीन पण आहे. असा घोडा जन्मताना गडद असतो आणि वर्षागणिक केस पिकत जातात, मग रंगीत पॅच पण पांढरे पडतात. अंघोळ घाला, पॅचेस खाली जसेच्या तसे दिसतील, गुलाबी आणि काळी कातडी. नुकरा (म्हणजे मुळातच पांढरा) म्हणून विकलेला घोडा खरंच नुकरा आहे का ते पण असंच बघतात, नुकऱ्याचं नाक, डोळ्याभोवती, शेपटीखाली सगळं गुलाबी पाहिजे, काळं निघालं तर तो पिकलेला सबजा.

१७. पाठीवर खोगिराच्या जागी दोन पांढरे डाग आलेत. अबलख होतोय का?

खोगीर लागतंय. दाबाने केसांची मुळं खराब झाली की पांढरे केस येतात आणि कायम राहतात. खोगीर बदला.

१८. रंगवलेलं जनावर कसं ओळखायचं? झेब्रा असो की घोडा.

हा उद्योग जुना आणि जगभर चालतो. मेक्सिकोत टिहुआनाला पर्यटकांच्या फोटोसाठी गाढवांवर पट्टे रंगवून उभी करतात, तिथे कुणी लपवत पण नाही. गाझातल्या एका प्राणिसंग्रहालयाने २००९ मध्ये दोन गाढवांना चिकटपट्टी लावून केसांच्या डायने झेब्रा केलं होतं. २०१८ मध्ये कैरोतल्या एका पार्कमधला 'झेब्रा' उन्हात तोंडावर ओघळला, कान पण गाढवाचे. आणि २०२२ मध्ये पंजाबात संगरूर जिल्ह्यात एकाने बावीस लाखांच्या वर मोजून काळा मारवाडी घेतला, घरी नेऊन धुतला तर खाली तांबडा निघाला.

उलटी गंमत जहांगीर बादशहाच्या दरबारात झाली. १६२१ मध्ये अ‍ॅबिसिनियाहून झेब्रा आला तेव्हा लोकांना वाटलं पट्टे रंगवलेत, तपासून बघितलं तर अस्सल. दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरने काढलेलं त्याचं चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे, त्यात शेपटीचा झुपका आणि उभी आयाळ बघा, प्र. ३ पाठ होईल.

बाजारात घोडा घेताना ओल्या पांढऱ्या फडक्याने पॅचच्या कडेवर जोरात घासा, मग केस उलटे फिरवून मुळाशी बघा. डाय केलेल्या घोड्याचे केस वाढले की मुळाशी वेगळा रंग दिसतो. अबलखच्या पांढऱ्याखाली गुलाबी आणि रंगीत भागाखाली काळी कातडी नसेल तर काहीतरी गडबड आहे, एकच सूट म्हणजे कडेची ती निळसर पट्टी. मालक पाणी लावू देत नसेल तर सौदा राहू द्या.